मशीन उठतं कुठल्या डिस्कवरून?

बटण दाबल्यापासून लिनक्स समोर येईपर्यंतचं पहिलं पाऊल जुन्या बायोसच्या मशीनवर अवघ्या 446 बाइटांत बसवावं लागतं. डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटांचा. त्यातले 64 पार्टिशनच्या तक्त्याला जातात आणि शेवटचे 2 ओळखीच्या खुणेला. उरलेल्या जागेत ग्रबसारखा बूटलोडर मावणं शक्य नाही. म्हणून तिथे एवढंच लिहिलेलं असतं, की पुढचा भाग अमुक सेक्टरपासून वाच. तो पुढचा भाग म्हणजे ग्रबचा गाभा. पहिला सेक्टर संपल्यावर आणि पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधी जी मोकळी पट्टी असते, तिथे तो राहतो. पूर्वी ही पट्टी जेमतेम 31 केबीची असे, आता साधारण 1 एमबीची असते. मेनू दाखवणारी, कर्नल मेमरीत आणणारी मॉड्यूल मात्र इतर फाइलींसारखी बूट फोल्डरमध्ये असतात.

अनेक वर्षं लिनक्सची मशीनं सांभाळल्यावर माझं मत पक्कं झालंय, की बूटलोडरचं अपडेट बिघडलं तर आधी या दोन घरांमधला मेळ तपासावा. गाभ्याची एक प्रत फोल्डरमध्येही दिसते, पण मशीन चालवतं ती पट्टीतली. ती फाइल म्हणून कुठेच दिसत नाही, आणि पॅकेज नवं झालं म्हणजे ती नवी झाली असं नाही.

29 जुलै 2020 रोजी ग्रबमधली ‘बूटहोल’ ही त्रुटी जाहीर झाली. कॉन्फिग फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये बफर ओव्हरफ्लो होता आणि त्यातून सिक्युअर बूटला बगल देता येत होती. ती दुरुस्त करताना मेमरी मागणारा इतर कोडही तपासला गेला आणि गाभ्यात ‘ग्रब_कॅलॉक’ नावाचं नवं फंक्शन आलं. मागितलेल्या मेमरीचा गुणाकार मर्यादेबाहेर जात नाही ना, हे ते आधी पाहतं. नवी मॉड्यूल साहजिकच ते फंक्शन मागू लागली. जिथे मॉड्यूल नवी आली आणि पट्टीतला गाभा जुनाच राहिला, ती मशीनं उठेनाशी झाली. ज्यांच्यात सिक्युअर बूट मुळात नव्हतंच, अशी कितीतरी जुनी मशीनं यात अडकली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच दिवसांत तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयातून फोन आला. टाळेबंदीमुळे जाणं शक्य नव्हतं. पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी डेबियनच्या एका मशीनवर होत्या.

“सर, काळी स्क्रीन आलीय. इथले एक जण म्हणतायत फॉरमॅट मारावं लागेल.”

“ताई, काहीही करू नका. स्क्रीनवर जे दिसतंय ते अक्षरन्‌अक्षर वाचा. घाई नाही.”

त्यांनी सावकाश वाचलं: एरर, सिंबॉल ग्रब कॅलॉक नॉट फाउंड. त्याखाली रेस्क्यू मोडची ओळ.

या एका ओळीत बरंच काही कळतं. बायोसला डिस्क दिसली. पहिला सेक्टर चालला, गाभा चालला. गाभ्याला पार्टिशन सापडलं, फाइलसिस्टीम वाचता आली, मॉड्यूल उघडता आलं. अडलं ते त्यानंतर, मॉड्यूलने गाभ्याकडे फंक्शन मागितलं तेव्हा. त्यांच्या नोंदी त्याच पार्टिशनवर होत्या. “नोंदी जागेवर आहेत,” हे मी ताईंना छातीठोकपणे सांगू शकलो ते या ओळीच्या जोरावर. फॉरमॅटचा सल्ला देणारे ही ओळ वाचत नाहीत, आणि धडधाकट डिस्क पुसून टाकतात.

आता गाभा जुना का राहिला? मी विचारलं, मशीनमध्ये काही बदललं होतं का? गेल्या वर्षी नवी एसएसडी बसवली होती, सगळं तिच्यावर कॉपी केलं होतं आणि जुनी हार्ड डिस्क स्कॅन केलेली पानं ठेवायला आतच राहू दिली होती. उलगडा झाला. डेबियन ग्रब कुठल्या डिस्कवर लिहायचा हे एकदा विचारून घेतं, आणि डिस्कचं मॉडेल व सीरियल नंबर असलेल्या नावाने ते लक्षात ठेवतं. सिस्टीम एसएसडीवर गेली, पण ती नोंद जुन्याच डिस्कची राहिली. अपडेटने नवी मॉड्यूल एसएसडीवरच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि नवा गाभा हार्ड डिस्कवर लिहिला. मशीन उठत होतं एसएसडीवरून.

म्हणजे नवा गाभा त्याच डब्यात, शेजारच्या डिस्कवर तयार होता. पेनड्राइव्ह, क्रूट काही लागणार नव्हतं. ताईंना म्हटलं, मशीन पुन्हा चालू करा, एफ-12 दाबत राहा आणि यादीतली दुसरी डिस्क निवडा. मेनू आला, डेबियन उठलं. या वाटेची मला विशेष आवड आहे, कारण यात डिस्कवर एक अक्षरही लिहावं लागत नाही आणि निदान खरं की खोटं ते लगेच कळतं.

मग टर्मिनलमध्ये ग्रब-पीसी पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करायला लावलं. डिस्कची यादी येते, प्रत्येकीपुढे चौकट आणि आकार. खूण हार्ड डिस्कपुढे होती, एसएसडीची चौकट रिकामी. इथे स्पेस बारनेच खूण होते. नुसतं एंटर मारलं की पान पुढे जातं आणि जुनीच नोंद कायम राहते. खाली पार्टिशनंही दिसतात, त्यांना हात लावायचा नाही. मी दोन्ही डिस्कवर खूण करून घेतली. पुढे बायोसचा क्रम कोणी बदलला तरी मशीन उठावं.

युईएफआयच्या मशीनवर ती पट्टी नाही, पण दोन घरं आहेतच. ऑगस्ट 2022 मध्ये आर्च लिनक्सच्या बऱ्याच मशीनांवर नवी कॉन्फिग फाइल जुन्या ग्रबला न कळणारी गोष्ट विचारू लागली आणि मशीन दर वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्येच जाऊ लागलं. तिथे ग्रब पुन्हा बसवणं हे वापरणाऱ्याचं काम असतं. शिवाय काही फर्मवेअर डिस्ट्रोच्या नावाच्या फोल्डरकडे बघतच नाहीत, ईएफआय पार्टिशनमधल्या ‘बूट’ फोल्डरमधली ठरलेली फाइल तेवढी चालवतात. अपडेट पहिल्या फोल्डरमध्ये होतं, मशीन दुसऱ्यातून उठतं. म्हणून तिथेही मी आधी दोन्ही फाइलींच्या तारखा ताडून बघतो, आणि डेबियन असेल तर ही दुसरी प्रतही दर अपडेटला बदलत जाईल अशी नोंद करून ठेवतो.