मापाबाहेरची चाके

मोटारगाडीचा भूमीशी प्रत्यक्ष संबंध तो किती? फार तर चार तळहातांएवढा. इंजिन कितीही बलवान असो, त्याचे सारे बळ टायरांच्या तेवढ्याशा स्पर्शातूनच रस्त्याला कळते, आणि संकटकाळी लावलेला ब्रेकही तिथूनच. कारखान्यातून आली तशीच गाडी वापरणाऱ्यांना हा विचार चार-पाच वर्षांतून एकदा शिवतो. आम्हांला मात्र तो वारंवार छळतो. कारण आमची गाडी ‘वाढवलेली’ आहे.

केंद्र सरकारच्या लेखनिकाला वेग कशाला हवा, असे आमचे स्नेही विचारतात. फाइलींच्या गतीने ज्याचा आठवडा सरतो, त्याला रविवारच्या पहाटे थोडा वेग हवासा वाटला तर नवल ते काय? आम्ही जुनी घेतलेली ही छोटी टर्बो गाडी. पहिल्या मालकाने इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलून तिची शक्ती वाढविलेली. शक्ती वाढली की टायरही तोलामोलाचा हवा.

टायरच्या कडेवर त्याची अवघी सेवापुस्तिका कोरलेली असते. ‘१९५/५५ आर १५ ८५ व्ही’ याचा अर्थ असा: रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १५ इंची, भार ५१५ किलोग्रॅमपर्यंत, वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत. शिवाय चार आकडी जन्मतारीख. ‘१४२४’ म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा. ही जन्मतारीख अर्ज करून बदलून मिळत नाही!

आमच्या गाडीचे मूळ माप १८५/६०. त्याऐवजी १९५/६० घातले तर कड उंच राहते आणि खड्डा सोसते. पण व्यास १२ मिलिमीटरांनी वाढतो आणि गाडी वळणावर किंचित डोलते. १९५/५५ घातले तर वळण नेमके साधते, मात्र खड्ड्याचा दणका रिमपर्यंत लवकर पोहोचतो. पुन्हा रबराचा प्रश्न आहेच. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते, पण पावसात हात सोडते. आम्ही ५५ चे, मऊ रबराचे, परदेशी टायर पसंत केले.

गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्याने पुढच्या डाव्या टायरच्या कडेला फुगा आणला आणि रिमला चीर पाडली. फुगा म्हणजे आतील धागे तुटलेले. त्याला ठिगळ नाही. झंडेवालानच्या बाजारात दुकानामागून दुकान पालथे घातले. “नेहमीचे माप असते तर आत्ता बसवून दिले असते, तुमचे मागवावे लागेल,” हे उत्तर सर्वत्र एकच. जून २०२० मध्ये मोटारींच्या नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ वर्गातून ‘निर्बंधित’ वर्गात गेली आणि तिला परवाना लागू लागला. ‘निर्बंधित’ या शब्दाचा अर्थ आम्हां लेखनिकांना कोणी समजावून सांगावयास नको. दुरुस्ती करणाऱ्याचा ‘पुढचा सोमवार’ सात वेळा आला आणि गेला.

एरवी आम्ही हसलो असतो. परंतु त्याच सुमारास साताऱ्यास तीर्थरूपांची पंचाहत्तरी होती. तीस वर्षे एस.टी. चालविलेल्या त्या माणसाला मुलाच्या गाडीचे चाक एकदा हाती धरावयाचे होते, आणि आम्ही तसा शब्द दिला होता. दुकानदार म्हणाला, एका बाजूला दुसऱ्या जातीचा टायर घालून जा, काय होते? मोह मोठा होता. पण एकाच आसावर एक टायर मऊ आणि एक कठीण असला की जोराच्या ब्रेकला, विशेषतः ओल्यात, गाडी एका अंगाला ओढते. आम्ही नाही म्हटले आणि गोवा एक्स्प्रेसने गेलो.

तात्यांनी सारे ऐकून घेतले, टायरचे माप विचारले आणि म्हणाले, “लवकर मिळतंय म्हणून हलकं चाक घालू नको. तू आलास, झालं.” मग अंधार पडेपर्यंत ते घाटातल्या पंक्चरांच्या गोष्टी सांगत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले. शब्द अद्याप पुरा व्हावयाचा आहे, आणि त्याला मुदत आहे.

वाचकहो, घरापासून दूर नेमणुकीवर राहणाऱ्या आपणां सर्वांना ही गोष्ट परिचयाची असेल. गोडा मसाला संपला की गावाकडून येईतो थांबावे लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातला चालत नाही. जो मूळ मापाबाहेर गेला, त्याची गरज जवळच्या फळीवर तयार नसते. त्याने थांबण्याची तयारी ठेवावी, शक्य तर एक जादा टायर आधीच घेऊन ठेवावा, आणि थांबणे असह्य झाले तरी चाकांची जोडी मात्र बिघडू देऊ नये.