जुन्या बुलेटवरून पसरणीचा घाट

वाई क्षेत्र आम्हांस नवे नाही. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीची भव्य मूर्ती, प्राज्ञपाठशाळेने जोपासलेली शास्त्राध्ययनाची परंपरा, या गोष्टी वाचकांच्याही परिचयाच्या असतील. परंतु वाईहून पाचगणीस जाण्याचा जो योग गेल्या मार्गशीर्षात आला, तो आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या जुन्या बुलेटवरून, पुतण्याच्या पाठीमागे बसून. त्या प्रवासात जे शिकावयास मिळाले, ते आयुष्यभर इतरांस शिकवूनही आम्हांस उमगले नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक कबुली. पुतण्याने अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्याचे दुकान काढले, तेव्हा घरात सर्वांत कठोर शब्द आमच्याच मुखातून निघाले. तीन वर्षे आम्ही त्या दुकानाची पायरी चढलो नाही. अण्णांच्या पश्चात पडवीत धूळ खात पडलेली त्यांची गाडी त्याने नेली, चालती केली आणि एके दिवशी दारात येऊन एवढेच म्हणाला, "काका, वाईला येता का?" वहिनींनी आमच्याकडे असे पाहिले की, नाही म्हणण्याची सोय उरली नाही.

हे वाहन मूळचे इंग्लंडातील रेडिच गावचे. १९५५ साली मद्रासेस त्याची जोडणी सुरू झाली. पुढे विलायतेतील कारखाना बंद पडला, तरी इकडे वंश चालूच राहिला. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाने टाकावयाचा असतो. पहिला वर, उरलेले तीन खाली. शिवाय टाचेने दाबावयाची एक लहानशी दांडी असते. क्लच ओढून ती दाबली की, पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते.

पुण्याहून निघून, कात्रज व खंबाटकी ओलांडून आम्ही सुरूर फाट्यावर वळलो आणि तिसरे प्रहरी वाईस पोहोचलो. गाडी उत्तम चालली. मात्र वाईच्या बाजारपेठेतील गर्दीत गिअर बदलताना दातांचा खर्रकन् आवाज होऊ लागला. रात्री आम्ही कारण विचारले. त्याने समजावून दिले ते आमच्या भाषेत सांगावयाचे तर असे : इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संधी करणारा तो क्लच. एकावर एक दाबून बसविलेल्या चकत्या स्प्रिंगांच्या जोराने एकजीव होतात, हा संधी. मूठ ओढली की त्या विलग होतात, हा विग्रह. विग्रह अपुरा राहिला तर चाके एकमेकांवर घासून गिअर ओरडतो. संधी अपुरा राहिला तर इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचतच नाही. वैयाकरणास याहून सोपे काय असणार?

अर्धे ज्ञान घातक, हे आम्ही मुलांना शिकवीत आलो. तरीही दुसरे दिवशी पहाटे पुतण्या नदीवर गेला असता आम्ही गाडीजवळ गेलो. क्लचची मूठ थोडीशी ढिली लागली. विग्रह अपुरा राहण्याचे कारण हेच, असा निर्णय करून आम्ही वायरवरील स्क्रू फिरवून ती तारेसारखी ताठ केली. निघताना त्याने मूठ ओढून धरली, दोन-तीन वेळा किक मारून रात्रभर चिकटलेल्या चकत्या मोकळ्या केल्या आणि मग गाडी सुरू केली. गिअर अगदी निःशब्द पडला. आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पसरणी गाव मागे पडले आणि घाट लागला. खाली वाईची घरे लहान होत चालली, धोमच्या जलाशयावर कोवळे ऊन पडले होते. तोच एका चढाच्या वळणावर इंजिन मोठ्याने गर्जू लागले, पण गाडी मात्र पुढे सरेना! जळकट वासही आला. पुतण्याने तत्काळ गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि वायरचा स्क्रू सैल करू लागला. आम्हांस राहवले नाही. "अरे, सकाळी मीच ती घट्ट केली."

"ठाऊक आहे, काका. निघतानाच हाताला कळले होते."

"मग बोलला का नाहीस?"

तो क्षणभर थांबला. "तीन वर्षांत तुम्ही माझ्या कामाला पहिल्यांदा हात लावलात. म्हटले, चढ लागेपर्यंत राहू दे."

यावर आम्ही काय बोलणार? पुढे तोच सांगू लागला, की मुठीच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर खेळ हवाच. तो नसला तर आतील दांडी चकत्यांना सतत थोडेसे रेटीत राहते. मूठ सोडली तरी त्या पुऱ्या मिटत नाहीत, चढावर घसरतात आणि करपतात. "बाबांनीही एकदा असेच केले होते," असे सांगून तो हसला. चकत्या निवेपर्यंत अर्धा तास आम्ही दगडावर बसून अण्णांच्या गोष्टी बोललो. मग गाडी घाट सहज चढली. माथ्यावरील हॅरिसन्स फॉलीच्या पठारावरून कृष्णेचे सारे खोरे दिसले.

मूळ खरखर अद्याप होतीच. पाचगणीस एका झाडाखाली त्याने डाव्या बाजूचे झाकण उघडले. आतील तेल एका थाळ्यात काढले. तो थाळा आम्ही धरला होता. मूठ ओढून पाहता वरची चकती एका बाजूस कलंडून उचलली जात होती. एका स्प्रिंगेचा स्क्रू इतरांहून सैल होता. त्याने सर्व स्प्रिंगांचा ताण समान केला, चकती सरळ उठू लागली आणि दोष गेला. म्हणजे वायर निर्दोष होती. आम्ही मात्र जिथे ढिलाई दिसली तिथेच दोष मानला.

वर्गात आणि घरात आम्ही हेच करीत आलो की काय, हा विचार परतीच्या वाटेवर सुटला नाही. असो. पुढच्याच रविवारी आम्ही दुकानाची पायरी चढलो. त्याने स्टूल पुसून पुढे केले, आणि एक थाळा हाती दिला.