रोडगे

आज टेक्निकल काही नाही. शनिवार आहे, आणि एक गोष्ट लिहून मोकळं व्हायचंय.

तर झालं असं. गेल्या रविवारी बाबांना घेऊन अमरावतीहून अकोल्याला निघालो, आत्याकडे. शंभरेक किलोमीटर. हा तोच रस्ता बरं का, ज्याच्या ७५ किलोमीटर लेनचं डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. गाडी नुसती पळते. मला नेमकं तेच नको होतं. महिन्याभरापूर्वी कंपनीने नारळ दिलाय, घरी 'वर्क फ्रॉम होम' सांगून अमरावतीत बसलोय, आणि आज गाडीत बाबांना सांगायचंच असं ठरवलेलं. बडनेरा गेलं, लोणी गेलं. तोंड काही उघडेना!

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका टिनाच्या शेडवर 'गरम रोडगे' दिसलं आणि ब्रेक मारला.

पुणेकर मित्रांसाठी : रोडगे म्हणजे आमचं बार्बेक्यू. जाडसर कणकेचे गोळे, आत तेलाचा हात लावून घड्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे. राख झटकून कुस्करायचे, वर वरण आणि तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. खरं तर शेतात नाहीतर देवळापुढे पंगतीला करायचा हा प्रकार. बाटीचा भाऊ म्हणा, पण वऱ्हाडात येऊन म्हणू नका.

निखाऱ्यांजवळच बाज टाकलेली होती. तिथेच बसलो.

"पोरगं काय करते?" हॉटेलवाल्या काकांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरमंदी हाये, पुण्याले." बाबांचा तोच तो ताठ आवाज.

काका कांदा आणायला आत गेले. काहीतरी करायचं म्हणून मी चिमट्याने एक रोडगा ओढला.

"राहू दे. वरून लाल झाला म्हणजे आतून झाला असं नसते. फुटू दे त्याले."

मग राखेकडे बघतच म्हणाले, "पहिले घरी आला की दिवसभर फोनवर बोंबलत राहे तू. आता लॅपटॉप उघडा राह्यते, पन कोनाचा फोन येत नाई. कधीपासून?"

"महिना झाला, बाबा."

"हं. आईले मी सांगतो."

बास. एवढंच बोलणं झालं. एरवी बिल काहीही येवो, आमचं सगळं लेक्चर होतं. नंतर तीन रोडगे खाल्ले मी, लाज सोडून. बाबांनी आत्यासाठी सहा बांधून घेतले. नोकरी लागल्यापासून बाहेरचं बिल मीच द्यायचो, सवयीने पाकिटाकडे हात गेला. तोवर बाबा पैसे मोजत होते.