मीठ, रूळ आणि जकात

भुईगावच्या वाड्यांच्या परिसरातून निघालेली केळी, भाजी व फुले मुंबईच्या बाजारात पोहोचण्यास आज फार वेळ लागत नाही. 1864 मध्ये बॉम्बे-बडोदा रेल्वेने वसईची खाडी ओलांडली, तोवर हाच माल होडीच्या आणि भरती-ओहोटीच्या स्वाधीन असे. व्यापाराची वाट मात्र या भागाला त्याहून फार जुनी. शेजारचे सोपारे हे प्राचीन बंदर. नवपद ओळीत वाचल्या जाणाऱ्या श्रीपाल रासातही त्याचे नाव येते. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटाने उतरे, आणि तेथला दगडी रांजण जकातीचा म्हणूनच ओळखला जातो. वाट आली की तिच्यामागून जकात येतेच, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दोन राज्यांनी एकच वाट बांधायचे ठरवले, तर जकात कोणी घ्यावी? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर गोव्यात सापडते. भुईगावसह वसई प्रांत 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या विजयाने तो सुटला. गोव्यावर त्यांचा अंमल आणखी दोनशे बावीस वर्षे राहिला. 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग बांधावा, तो ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडावा आणि दोन्ही मुलखांतील मालाची ये-जा जकातमुक्त असावी, असे ठरले. हुबळी-धारवाडच्या कापसाला जवळचे बंदर मिळणार होते. दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारा तो अवघड मार्ग 1888 मध्ये घाटमाथ्याला पोहोचला.

कागदावर हा सौदा दोन्ही बाजूंच्या हिताचा दिसतो. परंतु कराराचे खरे मोल त्याच्या मिठाच्या कलमात होते. गोव्यातील मीठ उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये मिळू लागले. सरकारी तिजोरीत रक्कम जमा झाली, पण मिठागरावर राबणाऱ्याच्या हाती काय पडले? अनेक मिठागरे बंद पडली आणि समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला मीठ महाग घ्यावे लागले. ताळेबंदात जमेची रक्कम एकाच्या नावे आणि खर्च दुसऱ्याच्या नावे पडला, तर बेरीज जुळूनही हिशेब खोटाच राहतो.

रेल्वेचेही तसेच झाले. कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती; अपेक्षेइतका माल मात्र मुरगावकडे वळला नाही. ब्रिटिश हद्दीतील मार्गांनी तो मुंबईकडे जाऊ लागला. हमीदार व्हावे ते समोरच्याचा धंदा पाहून, हा व्यवहार येथे विसरला गेला, असेच म्हणावे लागते. बारा वर्षांची मुदत संपताच 1892 मध्ये करार गुंडाळला गेला. सरहद्दीवर पुन्हा जकातीची चौकी आली, रूळ मात्र राहिले. 1955 मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा त्या रुळांवरील सरहद्दपार वाहतूक थांबली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर सरहद्दच उरली नाही.

आज पालघर जिल्ह्यातच, डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत जाहीर झालेल्या भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेचा विचार करता या किनाऱ्याचे महत्त्व वाढणार, यात संशय नाही. व्यापारी कुटुंबांना त्यात संधी दिसणे स्वाभाविक आहे आणि ती साधावीही. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध मात्र केवळ हट्ट म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्यांचे म्हणणे जाळ्यांविषयी आणि मासळीच्या जागांविषयी आहे. गोव्याच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा मिठागरवाल्यांना कोणी बोलावले नव्हते.