मंडळ उभं आहे ते यांच्यामुळे

संगणकाला मराठी वाक्यं रचायला शिकवणाऱ्यांचं एक छोटं अभ्यासमंडळ मी नाशिकमध्ये चालवते. समोर आकडे ठेवले की यंत्राने त्यांतून माणसाला वाचता येईल असा मजकूर लिहावा, हा आमचा विषय. मंडळाला ना कार्यालय, ना निधी. ते टिकलं ते माणसांच्या उपकारांवर.

काही उपकार दूरचे आहेत. ‘असोसिएशन फॉर कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स’ या जागतिक संघटनेत याच विषयाचा ‘सिगजेन’ हा गट आहे. संशोधक आपली नोकरी सांभाळून त्याचं काम बघतात, परिषदा भरवतात, एकमेकांचे निबंध तपासतात. आणि ते निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एहूद रायटर आणि रॉबर्ट डेल यांचं २००० साली आलेलं पाठ्यपुस्तक आम्ही मिळून वाचलं. काय सांगायचं ते आधी ठरवा, मग वाक्यांची जुळणी करा, व्याकरण शेवटी, हा क्रम त्याने आमच्या हाती दिला.

पण ‘काय सांगायचं’ याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. ते दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार काकांनी दिलं. हवामानाचे आकडे घेऊन आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. ते म्हणाले, “ताई, आकडे तुमच्याकडेच राहू द्या. आज फवारा मारू का नको, तेवढं सांगा.” मग त्यांनी शांतपणे समजावलं: ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघते, तेव्हा पानं रात्रभर ओली राहिली की डावणीचा रोग आलाच समजा. म्हणून आधी रात्रीचा पाऊस आणि दव, मग फवारणीच्या वेळचा वारा, बाकी सगळं शेवटी. आमचं यंत्र लिहितं त्या हवामानपत्राचा क्रम आजही तोच आहे.

व्याकरणासाठी मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ उपयोगी पडलं. ‘काकांनी औषध फवारलं’, ‘काकांनी फवारणी केली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. ‘काकांनी वेलींना जपलं’ यात ते कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही. हे प्रयोग दामल्यांनी इतके बारकाईने मांडलेत की त्यांवरून आम्हाला यंत्रासाठी नियम लिहिता आले. भरपूर मजकूर वाचून शिकलेल्या आजच्या मोठ्या प्रारूपांची मराठी तपासतानाही आम्ही तोच आधार घेतो.

सर्वांत मोठं ऋण आमच्या सरांचं. आयुष्यभर मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा संबंध नव्हता, तरी बैठकीला ते वेळेआधी येत. यंत्राने लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचत, तांबड्या शाईने खूण करत आणि विचारत, “हे कोण कोणाला सांगतंय?” खुणेशेजारी कारण लिहिल्याशिवाय ते कागद परत देत नसत. बैठकीत नव्या मुलाने आधी बोलायचं, जुन्यांनी नंतर, ही शिस्तही त्यांचीच. मंडळ कसं चालवायचं ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

सरांनी दुरुस्त केलेली वाक्यं, कारणांसकट, आम्ही कोणालाही मोफत देतो. आम्हालाही सगळं तसंच मिळालं होतं. आणि मंडळात नवा विद्यार्थी आला की त्याला संगणकासमोर बसवण्याआधी मी काकांच्या बागेत पाठवते.