म्हणणं मांडायची संधी

परवाना रद्द झाल्याचा आदेश वकीलसाहेबांनी दोनदा वाचला आणि मला विचारलं, "ताई, यात तुमचं म्हणणं कुठंय?" माझं मेडिकल बंद, कामावरच्या दोघा पोरांचे पगार थकलेले, गावात कुजबुज. मला वाटलं होतं, हे धीर देतील. त्यांनी कामाला लावलं, आणि त्यानेच मी सावरले.

दुकानाची तपासणी झाली त्या दुपारी मी, दुकानाची फार्मासिस्ट, वडिलांना घेऊन जिल्हा रुग्णालयात होते. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरची औषधं विकायची नाहीत, हे पोरांना पक्कं ठाऊक. त्यांनी गिऱ्हाइकांना संध्याकाळी बोलावलं. बिलबुकात दुपारचं एकही बिल नाही. अहवालात मात्र एवढंच आलं : फार्मासिस्ट गैरहजर.

औषध नियम, १९४५ मधल्या नियम ६६ नुसार परवाना रद्द करण्याआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, आदेशात कारणं लिहावी लागतात. मला नोटीस मिळालीच नव्हती. साहेबांनी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करायला लावला आणि परवाना रद्द करणाऱ्या कार्यालयात फाइल पाहायला स्वतः सोबत आले. फाइलमध्ये रजिस्टर पोस्टाचं पाकीट होतं, न फोडलेलं. वर माझा जुना पत्ता आणि पोस्टमनचा शेरा : 'या पत्त्यावर दुकान नाही', खाली सही, तारीख. आदेश त्यानंतरचा. नव्या जागेचा परवाना तर याच कार्यालयाने दिलेला! त्या पोस्टमनला मी कधी भेटले नाही. पण नुसतं 'परत' न लिहिता त्याने खरं काय ते लिहिलं, म्हणून मी त्याचीही ऋणी आहे.

तीन महिन्यांची मुदत संपण्याआधी शासनाकडे अपील केलं. ते एका ओळीत फेटाळलं गेलं. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट. तिथे समोरच्या बाजूने प्रतिज्ञापत्रात नवीच कारणं काढली : रजिस्टर अपुरं, फ्रीज नादुरुस्त. माझा संताप झाला. साहेबांनी शांतपणे सर्वोच्च न्यायालयाचा मोहिंदरसिंग गिल खटल्यातला १९७७ चा निकाल पुढे ठेवला : आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्राने त्याला टेकू देता येत नाही.

दोन्ही आदेश रद्द झाले आणि प्रकरण फेरसुनावणीला परत गेलं. मी हिरमुसले, मला वाटलं होतं, कोर्टच मला निर्दोष म्हणेल. साहेब म्हणाले, "कोर्टाने तुमचा कारभार नाही तपासला, अधिकाऱ्यांनी निर्णय कसा घेतला ते तपासलं. आपण मागितलं होतं तेच मिळालंय."

फेरसुनावणीला ते आले नाहीत. "आता तुमचं तुम्ही बोला," म्हणाले. मी बिलबुक, रुग्णालयाचा केसपेपर आणि दोन्ही पोरांना घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी त्या दिवसाच्या कार्बन प्रती उलटून पाहिल्या, पोरांना वेगवेगळं विचारलं, आणि माझं सगळं ऐकून घेतलं. परवाना परत मिळाला. त्या आदेशात माझं म्हणणं पूर्ण पानभर आहे.