टेड चँगचं 'नाही'

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप आणि पुन्हा एकदा टेड चँग.

या माणसाच्या मी प्रेमात पडलो ते त्याच्या कथा वाचायच्या आधीच. कारण तो आपल्यातला! जन्म १९६७ चा, न्यूयॉर्क राज्यातला. ब्राउन युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्सची डिग्री आणि पोटापाण्यासाठी टेक्निकल रायटर. म्हणजे आपण जी मॅन्युअल्स कधी उघडत नाही, ती लिहिणारा.

पहिली कथा छापून आली १९९० साली, 'टॉवर ऑफ बॅबिलॉन'. आकाशाच्या छतापर्यंत बांधलेला मनोरा आणि ते छत फोडायला वर चढणारे खाणकामगार. पहिल्याच कथेला नेब्युला! दुसरा कुणी असता तर दर वर्षी एक जाडजूड कादंबरी पाडली असती. हा बरीच वर्षं नोकरीच करत राहिला. कादंबरी आजवर एकही नाही. २००२ आणि २०१९ असे दोनच संग्रह, मिळून सतरा कथा. त्यातल्याच एकीवर २०१६ साली 'अरायव्हल' निघाला (तो तरी पाहिला असेलच).

पण मला छळतो तो २००३ चा किस्सा. त्याच्या 'लायकिंग व्हॉट यू सी'ला ह्यूगोचं नामांकन मिळालं आणि या पठ्ठ्याने ते नाकारलं. का, तर कथा घाईत संपवावी लागली, मनासारखी उतरली नाही. वाचकांना आवडली होती हो! याला नव्हती.

आता आमचे प्रताप. काही वर्षांपूर्वीचा एक रिलीज. डेटा मायग्रेशनचं काम माझ्याकडे. टेस्टिंग अर्धवट आहे हे मला पक्कं माहीत होतं. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, "करूया ना?" मी म्हटलं, "हो." सोमवारी क्लायंटच्या रेकॉर्ड्सची वाट लागलेली. सपोर्टच्या दोन पोरांनी तीन रात्री जागून ती एकेक करून दुरुस्त केली. आणि 'वेळेत डिलिव्हरी'चं अवॉर्ड कुणाला? अस्मादिकांना. स्टेजवर जाऊन घेतलं, फोटोही काढला.

मला आधीच माहीत होतं, हे त्या दोघांना मी अजून सांगितलेलं नाही.

त्यातला एक परवा कँटीनमध्ये भेटला. "काय वाचतोयस सध्या?" बॅगेत चँगचा पहिला संग्रह होता, तोच दिला त्याला. शेवटची कथा आधी वाच, म्हटलं. का, ते काही बोललो नाही.